खालचा जोड

फोन आला तेव्हा मी पोस्टाच्या काउंटरवर बसले होते. स्पीड पोस्टची रांग दारापर्यंत गेलेली. नंबर साताऱ्यातल्या सायकलिंगच्या कोचचा होता. मी उचलला नाही. तो लगेच पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा समोरच्या बाईंना थांबायला सांगून मी आतल्या खोलीत गेले.

"ताई, फ्रेम तुटली," ते म्हणाले. "यवतेश्वरच्या घाटात. उतरताना."

"पोरगी कशी आहे?"

"शुद्धीवर आहे. खांद्याचं हाड मोडलंय, पुढचे दात गेलेत. हेल्मेट होतं म्हणून..." ते थांबले. "चाचांना घेऊन या. तिचे वडील आलेत. चाचांच्या समोर फ्रेम बघायची म्हणतात."

चाचा म्हणजे माझे अब्बा. मिरजेत स्टेशनच्या बाजूला त्यांचं वर्कशॉप होतं आणि तिथं ते चाळीस वर्षं शर्यतीच्या सायकलींच्या फ्रेमा बनवत होते. पंक्चर नाही, दुरुस्ती नाही. पोलादाच्या नळ्या कापायच्या, चालवणाऱ्याच्या मापानं साच्यात बसवायच्या आणि पितळेनं जोडायच्या, एवढंच काम. एके काळी सांगली-मिरजेत असे पाच-सहा जण होते. त्यातले दोघं वारले, एक आखाती देशात गेला, एकानं गेट आणि ग्रिलचं काम धरलं. कंपन्यांच्या हलक्या सायकली आल्या तशी शर्यतीतली पोरं तिकडं गेली. आमच्या मागच्या गल्लीत सतारी बनवणारे अजून बसतात, त्यांच्याकडं लांबलांबून माणसं येतात. अब्बांकडं शेवटी शेवटी यायचे ते ज्यांचं अंग कंपनीच्या कुठल्याच मापात बसत नाही असे लोक.

ही मुलगी त्यातलीच. म्हसवडजवळच्या वाडीतली, साताऱ्यात कॉलेजला. पाय लांब आणि धड आखूड. कंपनीच्या सायकलीवर बसली की पाठ धरायची. तिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं, आता थोडी शेती. वडील तिला घेऊन आमच्याकडं आले तेव्हा अब्बांनी तिला भिंतीला टेकवून दोरीनं मापं घेतली होती आणि ते गृहस्थ तो सगळा वेळ दारात उभे राहून एकटक बघत होते. सायकल तिला आठ महिन्यांपूर्वी दिली.

आता जे सांगायचं आहे ते आम्ही तोवर कुणालाही सांगितलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी साखरेनं अब्बांच्या डोळ्यांचे पडदे धरले. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही. आम्ही सगळीकडं फिरलो, लेसर झालं, डोळ्यांत इंजेक्शनं झाली. जेवढं दिसतंय तेवढं टिकलं तरी खूप, असं शेवटच्या डॉक्टरांनी सांगितलं. माणूस ओळखू यायचा, रस्ता दिसायचा. रंग मात्र गेले, आणि आमच्या कामात रंगच लागतो.

नळीचं टोक ज्या पोलादी खोबणीत बसतं तिला लग म्हणतात. नळी आणि लग यांच्यामध्ये कागद जाईल एवढीच फट असते. पितळ नीट धरावं म्हणून तिथं टाकणखाराची पूड लावून गॅसच्या बत्तीनं तापवायचं. लोखंड लाल होतं, मग नारिंगी. नारिंगी झालं की पितळेची कांडी एका कडेला टेकवायची. पितळ वितळून त्या फटीत ओढलं जातं आणि दुसऱ्या कडेला बारीक पिवळी रेघ उमटते. ती रेघ चारी बाजूंनी दिसली म्हणजे जोड भरला. लोखंड कमी तापलं असेल तर पितळ वरच बसतं, आत नुसता जळलेला टाकणखार राहतो. वरून रंग मारला की भरलेला जोड आणि कच्चा जोड सारखेच दिसतात.

मी लहानपणापासून हे बघत आले होते. म्हणून अब्बांचे डोळे गेल्यावर दर रविवारी मी काळा चष्मा लावून त्यांच्या शेजारी उभी राहू लागले. मी म्हणायचे, "आला." म्हणजे रंग आला. ते कांडी टेकवायचे. मी म्हणायचे, "दिसलं." ते बत्ती पुढं सरकवायचे. हात त्यांचे आणि डोळे माझे, अशा पाच फ्रेमा झाल्या. या मुलीची शेवटची.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही साताऱ्याला निघालो. अब्बांनी ठेवणीतला पांढरा सदरा घातला होता. घरात आम्ही दखनी बोलतो, पण कामाचं बोलणं पहिल्यापासून मराठीत, कारण गिऱ्हाईक मराठी आणि हत्यारांची नावंही मराठीच. ताकारी गेल्यावर त्यांनी मराठीत विचारलं, "खालचा जोड का वरचा?"

"विचारलं नाही."

"इचारायला पायजे हुतं."

 ते मांडीवर हात ठेवून बसले होते आणि उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर सारखा घासत होते. मी खिडकीतून बघत होते, पण दिसत होता तो वर्कशॉपमधला एकच रविवार. तो मला फोन आल्यापासून दिसत होता.

दवाखान्यात मुलीचे वडील जिन्याशीच भेटले. उंच माणूस, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. अब्बा म्हणाले, "आदी पोरीला बघतो."

"आदी सायकल बघा, चाचा," ते म्हणाले. "पोरगी कुठं जात न्हाई आता."

दवाखान्याच्या मागं, ॲम्ब्युलन्स उभी करतात त्या शेडमध्ये कोचनी सायकल ठेवली होती. सायकल म्हणजे दोन तुकडे होते. पुढचं चाक आणि हँडल एकीकडं, बाकीची फ्रेम एकीकडं. हँडलच्या खाली जी नळी तिरकी पायडलकडं जाते, तिचा वरचा जोड सुटला होता. फ्रेममधला सगळ्यात जास्त भार घेणारा जोड तो. आम्ही त्याला खालचा जोड म्हणतो, कारण त्याच्या वर आणखी एक असतो.

अब्बा गुडघ्यावर बसले. मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी हळू आवाजात, फक्त मला ऐकू येईल असं विचारलं, "काय दिसतंय?"

मी नळीचं टोक वळवून उजेडात धरलं. वरच्या अर्ध्या भागात पितळ होतं, पिवळंधमक, आणि तिथं पोलाद फाटून दात निघाले होते. खालच्या अर्ध्या भागात काळं होतं. काचेसारखं चकाकणारं काळं. पितळेचा एक थेंबसुद्धा तिथं पोचला नव्हता. म्हणजे आठ महिने ती पोरगी अर्ध्या जोडावर घाट चढत-उतरत होती.

तिचे वडील माझ्याकडं बघत होते. कोच बघत होते. त्या दोघांना त्यातलं काही कळणार नव्हतं.

"पिवळं आहे," मी म्हणाले. "सगळीकडून पिवळं आहे. नळीच फाटलीय."

"म्हंजी काय?" मुलीच्या वडिलांनी कोचना विचारलं.

"म्हणजे जोड बरोबर होता," मीच मधे बोलले. " नळीच्या मालात खोट असेल. ती कारखान्यातून येते."

माझ्या हातून अब्बांनी नळी घेतली. त्यांनी तर्जनी आत घातली आणि गोल फिरवली, एकदा, मग उलटी पुन्हा एकदा. वरून फिरताना बोट सरळ गेलं. खाली आल्यावर थांबलं. पितळ बोटाला गुळगुळीत लागतं आणि जळलेला टाकणखार खरखरीत, हे त्यांनीच मला शिकवलं होतं, आणि त्या क्षणी मी ते साफ विसरले होते. त्यांनी बोट बाहेर काढलं तेव्हा त्यावर रक्ताचा ठिपका होता.

"माझ्या पोरीला नीट दिसलं न्हाई," ते म्हणाले. "हितं पितळ पोचलंच न्हाई. नळीत काय खोट न्हाई. जोड कच्चा हाय. माझा जोड."

 नळी खाली ठेवून अब्बा पुढं म्हणाले, "मला रंग दिसत न्हाई. तीन वर्सं झाली."

"दिसत न्हाई?" मुलीचे वडील म्हणाले.

"माणूस दिसतो. तापल्याला लोखंडाचा रंग न्हाई दिसत."

"आन तरी माझ्या पोरीची सायकल केली तुमी."

"व्हय."

मुलीच्या वडिलांनी खाली वाकून ती तुटकी फ्रेम एका हातानं उचलली. मी उठून अब्बांच्या पुढं आले. मला वाटलं, आता मारतात. कोचही पुढं सरकले.  फ्रेम हातात तशीच धरून तो माणूस बराच वेळ उभा राहिला, आणि मग त्यानं ती भिंतीला टेकवून ठेवली. आदळली नाही. नीट ठेवली.

"तुमच्या नावावर पोरगी बसवली आमी," तो म्हणाला. "दुकानातली घेनार हुतो. कोच म्हनले, चाचांची घ्या." मग आवाज एकदम खाली आणून त्यानं विचारलं, "अशा किती हायत अजून रस्त्यावर? दिसत नसताना केल्याल्या?"

अब्बा म्हणाले, "चार."

"मंग हितं कशाला हुबं हाय तुमी?"

मुलीला आम्ही पाच मिनिटं भेटलो. तिचं तोंड सुजलं होतं, बोलता येत नव्हतं. अब्बा तिच्या पायाशी उभे राहिले आणि म्हणाले, "चूक माझी हाय, बाळ." तिनं त्यांच्याकडं बघितलं, मग छताकडं.

परतीच्या गाडीत कराड गेल्यावर त्यांनी विचारलं, "खोटं का बोललीस?"

मी सगळं सांगितलं. त्या रविवारी त्या जोडावर काम चालू असताना माझा फोन वाजला होता. मी तो उचलला नाही, फक्त खिशातून काढून बघितला. कुठल्यातरी कर्जाची जाहिरात होती. तेवढ्यात वरच्या कडेला पिवळी रेघ आली होती आणि मी "दिसलं" म्हणून टाकलं. खालची कड बघायला दर वेळी वाकावं लागायचं. त्या वेळी मी वाकले नाही.

"अब्बा, जोड तुमचा नाही, माझा कच्चा आहे."

ते खिडकीकडं तोंड करून बसले होते. "फोन मी बी ऐकला हुता," ते म्हणाले. "इतक्या लवकर कसं दिसलं, असं मनात आलं हुतं. हात दुखत हुता. म्हणलं, पोरगी म्हणतीय तर दिसलं आसंल."

त्यानंतर त्या विषयावर आम्ही कधीच बोललो नाही.

तीन फ्रेमा आठवड्यात परत मिळाल्या. एक सांगलीतल्या गणिताच्या मास्तरांची होती. त्यांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड, त्यासाठी अब्बांनी पायडलचा भाग वेगळा बसवला होता. एक मिरजेतल्याच एका ठेंगण्या नर्सची. तिनं सायकल देताना विचारलं, "मग आता मी ड्यूटीला कशानं जाऊ?" तिला माझी जुनी स्कूटी दिली. तिसरी कराडच्या एका उंच वकिलांची. ते जरा रागावले, पण कारण ऐकल्यावर स्वतः गाडीत घालून घेऊन आले. तिन्ही फ्रेमा वर्कशॉपच्या भिंतीला उभ्या केल्या. अब्बा येता-जाता त्यांच्यावरून हात फिरवायचे. बाहेरून काहीच कळत नव्हतं.

चौथी लोणंदला होती. तिचे मालक सैन्यातून निवृत्त झालेले. होते हवालदार, पण गाव त्यांना मेजर म्हणायचं. दर रविवारी ते लोणंदहून सालपे घाट चढून वाठारला जायचे, तिथं चहा प्यायचे आणि घाट उतरून घरी. मी बुधवारपासून फोन लावत होते. ते उचलायचे नाहीत. शुक्रवारी त्यांच्या पत्नीनं उचलला. त्या म्हणाल्या, "मी सांगितलं त्यास्नी. म्हनले, सियाचीनला मेलो न्हाई, सायकलीवर काय मरतोय. तुमीच या आन सांगा. पन रविवारी ते सकाळी निघत्यात, मग कुनाचं ऐकत न्हाईत."

शनिवारी सुट्टी मिळाली नाही. संध्याकाळी निघून आम्ही साताऱ्यात माझ्या खालाकडं, म्हणजे मावशीकडं राहिलो आणि रविवारी पहिल्या एसटीनं वाठारला गेलो. ते चढून येतील, चहाला थांबतील, तिथंच त्यांना गाठायचं आणि घाट उतरू द्यायचा नाही, असं ठरवलं होतं. चढताना त्या जोडाला तेवढा धोका नाही. धोका उतरताना, ब्रेक लावताना.

एसटी वाटेत बंद पडली. अर्धा तास गेला. अब्बा सीटवरून उठून दारात जाऊन उभे राहिले, जसं काही त्यानं गाडी लवकर सुरू होणार होती. वाठारच्या स्टँडवर उतरून मी पळतच चहाच्या टपरीवर गेले.

"मेजर आले होते का?"

"आत्ता तर गेले की," टपरीवाला म्हणाला. "पाच मिन्टं झाली नसतील."

मी त्याला काय सांगितलं, कोणत्या शब्दांत, ते मला आठवत नाही. त्यानं स्टोव्ह बंद केला आणि मोटरसायकलची किल्ली काढली. मी मागं बसत असताना अब्बांनी माझा दंड पकडला. "मागनं हॉर्न मारू नका. हाका मारू नका. दचकून त्यो पुढचा ब्रेक दाबंल. बाजूला जावा, आन मागचा दाबायला सांगा. हळू." त्यांची बोटं माझ्या दंडात रुतली होती.

घाट सुरू व्हायला तिथून काही मैल आहेत. दोन्ही बाजूंना काढणी झालेली वावरं, मधूनच एखादं बाभळीचं झाड, पुढं सरळ रस्ता, आणि रस्त्यावर सायकल नाही. टपरीवाला म्हणाला, "पळवत्यात लय ते." एका उसाच्या ट्रॅक्टरनं आम्हाला अडवलं. दोन ट्रॉल्या, बाजूनं जायला जागा नाही. टपरीवाल्यानं हॉर्न मारून मारून ट्रॅक्टर बाजूला झाला तेव्हा समोर रस्ता खाली वळत होता. घाट लागला होता.

पहिल्या वळणानंतर ते दिसले. पिवळा शर्ट, हँडलवर वाकलेले. वेग एवढा की आमची मोटरसायकलही उताराला त्यांच्याइतकीच चालली होती. माझी नजर त्यांच्यावर नव्हती, त्यांच्या पुढच्या चाकावर होती. रस्त्यात कुठं खड्डा आला की मी टपरीवाल्याचा खांदा घट्ट धरायचे. दुसरं वळण आलं, त्यांनी जरा ब्रेक लावला, हँडल किंचित थरथरलं, आणि मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ते वळण पार करून पुढं होते.

तिथं रस्ता थोडा सपाट होतो. टपरीवाल्यानं गाडी त्यांच्या बाजूला नेली.

"मेजर," मी म्हणाले, जमेल तेवढ्या शांतपणे. "मी मिरजेहून आलेय. फ्रेमवाल्यांची मुलगी. घाबरू नका. फक्त मागचा ब्रेक, हळूहळू."

त्यांनी मान वळवून बघितलं. चेहरा चिडका होता. हात दोन्ही ब्रेकवर गेले.

"पुढचा नको," मी म्हणाले.

काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी एक हात सोडला. सायकल सावकाश कडेला गेली आणि एका दगडी कठड्याशी थांबली. ते उतरले. मी गाडीवरून उतरले आणि कठड्यावर बसले.

"काय प्रकार आहे हा?" ते म्हणाले. मी त्यांना घाटातलं, मुलीचं, अब्बांच्या डोळ्यांचं सगळं सांगितलं. माझ्या फोनचं तेवढं सांगितलं नाही.

"मी दोन वर्षं चालवतोय. काही झालं नाही."

"ती पण आठ महिने चालवत होती."

त्यांनी वाकून पुढच्या चाकाकडं बघितलं. थोड्या वेळानं अब्बा वडापच्या, माणसं भरून नेणाऱ्या एका जीपमधून आले. उतरल्या उतरल्या त्यांनी आधी माझ्या डोक्यावर हात ठेवला, मग चाचपडत सायकलीपाशी गेले. जोडावरून बोट फिरवलं. मान हलवली.

"भाईरनं कळत न्हाई. कापून बघाय लागंल."

"आणि चांगला निघाला तर?" मेजरनी विचारलं.

"तर चांगली फ्रेम कापली म्हणायचं."

"परत जोडता येईल?"

"न्हाई."

मेजरनी सायकलीच्या हँडलवर हात ठेवला. मग म्हणाले, "माझ्यासमोर कापायची. तुम्ही घेऊन जायची नाही."

जीपच्या टपावर सायकल टाकून आम्ही लोणंदला गेलो. रविवार होता, पण त्यांच्या ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्यानं शटर उघडलं. अब्बांनी नखानं रंगावर रेघ ओढून कुठं कापायचं ते दाखवलं. लगच्या मधोमध, आडवा छेद. ग्राइंडर सुरू झाला, ठिणग्या उडाल्या, जळक्या रंगाचा वास पसरला. मेजर हाताची घडी घालून उभे होते. मी वाकून बघत होते. या वेळी वाकायला कुणी सांगावं लागलं नाही.

तुकडा सुटला. मी तो पाण्यात बुडवून उजेडाकडं धरला. नळी आणि लग यांच्यामध्ये पिवळी कडी होती. गोल, अखंड. कुठं सुईएवढाही काळा ठिपका नाही.

अब्बांनी विचारलं नाही. हात पुढं केला. मी तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी कडेवरून नख फिरवलं, पूर्ण फेरा.

"भरलाय," ते म्हणाले. "पुरा भरलाय."

मेजर पुढं येऊन बघू लागले. "म्हणजे ही आणखी वीस वर्षं चालली असती."

"चाळीस," अब्बा म्हणाले.

मला वाटलं होतं, जोड चांगला निघाला तर त्यांच्या मनावरचं ओझं उतरेल. ते तिथल्या लोखंडी बाकावर बसले आणि तो तुकडा मुठीत धरून त्यांनी मान खाली घातली. खांदे हलत होते. वर्कशॉपमध्ये इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. फॅब्रिकेशनवाला आत निघून गेला.  मेजर अब्बांच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "घरी चला. जेवूनच जायचं." आम्ही गेलो. जेवताना सायकलीचा विषय निघाला नाही. निघताना मेजरनी विचारलं, "दुसरी कराल का मला?" अब्बा म्हणाले, "न्हाई आता."

सोमवारी वर्कशॉपमध्ये बाकीच्या तिन्ही फ्रेमा कापल्या. ग्राइंडर मी धरला. तिन्ही जोड पुरे भरलेले निघाले. मास्तरांची सगळ्यात सुबक होती. मी एकेक सांगत गेले आणि अब्बा प्रत्येक तुकड्यावरून स्वतः नख फिरवत गेले. माझ्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला नाही, आणि मला त्याचं वाईट वाटायचा हक्क नव्हता. त्या आठवड्यात गॅसच्या टाक्या परत गेल्या. फ्रेमचा साचा गेट-ग्रिल बनवणारा एकजण घेऊन गेला. त्याला साच्याची लोखंडी पट्टीच हवी होती.

पावसाळा संपता संपता ती मुलगी मिरजेला आली. दातांचं काम इथल्या दवाखान्यात चालू होतं. कंपनीची सायकल सोबत होती. कोचनी कुणाकडून तरी मिळवलेली. ती म्हणाली, "चाचा, पाठ परत धरतीय. सीट बघता का?" अब्बांनी तिला तशीच भिंतीला टेकवली आणि दोरी काढली. तिचे वडील आत आले नाहीत. गल्लीच्या पलीकडं एका ओट्यावर बसून राहिले. मी पाणी नेलं ते घेतलं, चहा नको म्हणाले.

अब्बा पाना शोधायला मागं गेले तेव्हा मी तिला फोनचं सांगितलं. जसं घडलं तसं, जाहिरातीसकट. तिच्या नव्या दातांमुळं ओठ अजून नीट मिटत नव्हते. तिनं ऐकून घेतलं आणि सायकलचं पायडल उलटं फिरवत राहिली.

"तुमच्यावर चिडू का नको, तेच कळंना मला," ती म्हणाली.

"चिड."

"चाचांना म्हाईत हाय?"

"आहे."

तिनं दारातून बाहेर, ओट्यावर बसलेल्या वडिलांकडं बघितलं. "मग बाबांना सांगू नका. हितवर यायलाच त्यांना इतकं दिस लागलं."

अब्बा पाना घेऊन आले. सीट थोडी पुढं आणि अर्धा बोट खाली घेतली. ती गल्लीत दोन फेऱ्या मारून आली आणि म्हणाली, बरी वाटतीय. मग ते दोघं स्टेशनकडं चालत गेले, ती सायकल हातात धरून आणि वडील सायकलीच्या दुसऱ्या बाजूनं, हँडलवर एक हात ठेवून.

तिच्या वडिलांना मी अजून सांगितलेलं नाही. दोनदा फोन हातात घेतला होता. दर वेळी त्यांचं तेच वाक्य आठवतं, मंग हितं कशाला हुबं हाय तुमी, आणि सांगायचं तर म्हसवडला जाऊन, समोर उभं राहून सांगायला हवं, एवढं कळतं. सांगू का, असं अब्बांना मी विचारलं नाही. ते हल्ली दुपारी सतारवाल्यांच्या गल्लीत जाऊन बसतात.